तुमच्या संगणकाची दुसरी प्रत आहे काय?

पाडव्याला पेढीवर नवी वही उघडतात, पण म्हणून जुनी वही कोणी रद्दीत घालत नाही. लाल फडक्यात बांधून ती माळ्यावर जाते. न जाणो, उद्या एखाद्या येण्या-देण्याचा वाद निघाला तर आधार तिचाच! आता वह्या मागे पडल्या आणि त्यांच्या जागी घरोघर संगणक आला. लक्ष्मीपूजनाला आपण त्यालाही हळदकुंकू वाहतो. पण वाचकहो, त्याची दुसरी प्रत माळ्यावर आहे काय?

आमच्या घरी नव्हती. गेल्या श्रावणातली गोष्ट. सकाळी संगणक सुरू केला तो काळ्या पडद्यावर दोन इंग्रजी ओळी उमटल्या आणि पुढे काही होईना. डिस्क गेली होती. सौभाग्यवतींच्या मसाल्यांच्या गृहउद्योगाचे पाच वर्षांचे हिशेब त्या पेटीत होते. आणि माझ्या वडिलांनी अखेरच्या वर्षी आपल्या आवाजात सांगितलेल्या आठ गोष्टीही तिच्यातच होत्या.

"अहो, बाबांचा आवाज?" एवढेच ती म्हणाली. हिशेबांची तिला आठवणसुद्धा झाली नाही.

कपाटात एक पेनड्राइव्ह सापडला. त्यावर हिशेबाच्या फाईली होत्या, आठांपैकी पाच गोष्टी होत्या. उरलेल्या तीन गेल्या त्या गेल्याच. नवी डिस्क बसविली, तेव्हा दुसरा घोटाळा उघड झाला. हिशेब होते, पण ते उघडणारा जुना प्रोग्राम पुन्हा मिळेना. वही हाती, पण ती वाचणारा मुनीम परागंदा!

फाईल निराळी, डिस्क निराळी

पुण्याहून भाचा आला. सारी हकीकत ऐकून हसत म्हणाला, "मामा, तुम्ही दागिने जपलेत, पण घर जपलं नाहीत."

त्याचे म्हणणे खरे होते. फाईली उतरवून ठेवणे म्हणजे घरातील चीजवस्तू हलविणे. डिस्कची इमेज घेणे म्हणजे भिंती, दारे, कुलपे आणि प्रत्येक वस्तूची जागा यांच्यासकट अख्ख्या घराचा साचा काढून ठेवणे. इमेजमध्ये विंडोज येते, ते सुरू करणारा डिस्कचा लहानसा भाग येतो, सारे प्रोग्राम आणि त्यांची मांडणी येते. डिस्क बिघडली तर नवी बसवावयाची, तिच्यावर इमेज उतरवावयाची, की संगणक इमेज घेतल्या दिवशी होता तसा उभा राहतो.

निवडण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

इमेज घेणारे प्रोग्राम पुष्कळ आहेत आणि जाहिराती सर्वांच्याच गोड. त्यांना भुलण्यापूर्वी काही साधे प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न: संगणक मुळीच सुरू होत नसेल तेव्हा हा प्रोग्राम चालेल काय? ज्याचा सुटकेचा पेनड्राइव्ह आधी बनवून ठेवता येत नाही, तो कामाचा नव्हे. विहिरीत पडलेल्या माणसाजवळच दोर असून काय उपयोग!

दुसरा: दर वेळी सारी डिस्क उतरवितो, की बदललेला भागच? पहिली पूर्ण इमेज झाल्यावर पुढे केवळ बदल टिपणारा प्रोग्राम वेळ आणि जागा वाचवितो. मात्र अशी साखळी मध्ये एक कडी तुटली तर पुढची निरुपयोगी होते. म्हणून अधूनमधून नवी पूर्ण इमेज घ्यावीच.

तिसरा: इमेजमधून एखादीच फाईल काढता येते काय? चौथा: इमेज धड उतरली की नाही, हे तो तपासून सांगतो काय? आणि पाचवा, फार महत्त्वाचा: वर्षाची वर्गणी संपली किंवा कंपनीने दुकान मिटले, तर जुनी इमेज उघडेल काय?

हा पाचवा प्रश्न कल्पनेतला नव्हे. न्यूझीलंडमध्ये 1995 च्या सुमारास जन्मलेला घोस्ट हा प्रोग्राम 1998 मध्ये सिमँटेकने घेतला आणि नॉर्टन घोस्ट या नावाने तो घरोघर पोहोचला. 2013 मध्ये त्याची विक्री थांबली. मॅक्रियम रिफ्लेक्टची मोफत आवृत्ती वर्षानुवर्षे लोकांच्या हातात बसली होती. तिच्या सुरक्षा-दुरुस्त्या 1 जानेवारी 2024 नंतर मिळेनाशा झाल्या. विंडोजच्या पोटातच इमेज घेण्याची जुनी सोय आहे, पण तिच्याकडे आता लक्ष देणार नाही असे मायक्रोसॉफ्टने 2017 मध्येच जाहीर केले.

मग घ्यावे काय?

तैवानच्या राष्ट्रीय संगणन केंद्रात तयार झालेले क्लोनझिला पूर्णपणे मोफत आहे. ते पेनड्राइव्हवरून सुरू होते, त्याला विंडोजची गरज नाही. डिस्कवरील वापरलेला भागच ते उचलते, त्यामुळे इमेज आटोपशीर होते. उणिवाही सांगितल्या पाहिजेत. पडदा रुक्ष, प्रश्न इंग्रजीत. बदल तेवढे टिपणे त्याला येत नाही. आणि नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठीच लागते. घाईत मूळ आणि लक्ष्य यांची अदलाबदल झाली तर चांगली डिस्क पुसली जाईल, तेव्हा प्रत्येक प्रश्न दोनदा वाचावा. बटणे दाबून काम करणे ज्यांना सोपे वाटते त्यांनी रेस्क्यूझिला पाहावे. तेही मोफत असून क्लोनझिलाच्या इमेज त्याला वाचता येतात.

संगणक चालू असतानाच इमेज हवी असेल, तर विंडोजसाठीच्या वीम एजंटची मोफत आवृत्ती आहे. पहिल्या पूर्ण इमेजनंतर ती बदल तेवढे टिपते, सुटकेचा पेनड्राइव्ह बनविते आणि एखादीच फाईलही परत देते. आम्ही दोन्ही ठेवली आहेत: दर आठवड्याला वीम, आणि वर्षातून दोनदा क्लोनझिला. आमच्या डिस्कवर सुमारे 140 गिगाबाइट भरलेले आहेत; क्लोनझिलाला पाऊण तास पुरतो.

आणखी एक सूचना. विंडोजची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर तिची 48 आकडी किल्ली कागदावर लिहून ठेवा. बाहेरून घेतलेली इमेज त्या कुलपासकट येते. विंडोजच्या आतून घेतलेली उघडी असते, म्हणून तिला स्वतंत्र परवलीचा शब्द द्यावा.

इमेज ठेवावी कोठे?

त्याच डिस्कवर ठेवलेली इमेज म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीत. बाहेरची वेगळी डिस्क घ्यावी, आणि काम होताच ती काढून ठेवावी. मे 2017 मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर विषाणूने जगभर धुमाकूळ घातला. असा विषाणू जोडून ठेवलेली डिस्कही कुलूपबंद करू शकतो. छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी रूढ केलेला नियम सोपा आहे: प्रती तीन, साधने दोन प्रकारची, आणि एक प्रत घराबाहेर. आमची घराबाहेरची प्रत बहिणीच्या कपाटात असते.

तालीम हवीच

सर्वांत शेवटचे आणि सर्वांत दुर्लक्षित काम म्हणजे इमेज खरोखर परत उतरवून पाहणे. मूळ डिस्क काढून बाजूला ठेवावी, तिच्या जागी एखादी मोकळी बसवावी आणि प्रयोग करावा. हे जमत नसेल, तर निदान सुटकेच्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू होतो का आणि इमेज त्याला दिसते का, एवढे तरी पाहावे. आमच्या पहिल्या प्रयोगात पेनड्राइव्ह सुरूच झाला नाही! तो आणीबाणीच्या दिवशी सुरू झाला नसता तर?

या पाडव्याला सौभाग्यवतींनी संगणकापुढे निरांजन ओवाळले, आणि शेजारी लाल फडक्यात बांधलेली ती छोटी डिस्कही ठेवली. पूजा झाल्यावर बाबांची एक गोष्ट लावली. नातवंडांनी पुढची मागितली, तेव्हा ती आमच्याजवळ नव्हती. वाचकहो, तुमच्या घरी अशी वेळ येऊ नये, म्हणून हा लेख. फराळाचे ताट बाजूला ठेवा आणि आजच एक इमेज घ्या.