लॉगिन झाले, पण अधिकार कोणी तपासला?

२०१८ सालच्या नोव्हेंबर महिन्यात वर्डप्रेसवर चालणाऱ्या अनेक वेबसाइटच्या सदस्य यादीत एक अनोळखी नाव उगवले. नावापुढे पद होते अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, म्हणजे वेबसाइटची सगळी सत्ता हाती असलेला माणूस. त्यासाठी कोणाचा पासवर्ड चोरावा लागला नव्हता की सर्व्हर फोडावा लागला नव्हता. वाट मिळाली होती ती 'डब्ल्यूपी जीडीपीआर कम्प्लायन्स' नावाच्या प्लगिनमधून, म्हणजे वेबसाइटला जोडलेल्या एका तयार पूरक प्रोग्रॅममधून. युरोपात 'जीडीपीआर' हा खासगी माहितीच्या संरक्षणाचा कायदा त्याच वर्षी २५ मे रोजी लागू झाला होता. त्याच्या अटी पाळता याव्यात म्हणून एक लाखाहून अधिक वेबसाइटनी हे प्लगिन बसवून घेतले होते.

प्लगिनमध्ये सेटिंग जतन करण्याची सोय होती. ती वापरणारा कोण आहे, सेटिंग बदलण्याचा त्याला अधिकार आहे का, हे प्लगिन विचारतच नव्हते. बदलली जाणारी सेटिंग आपली आहे की मूळ वर्डप्रेसची, हेही पाहत नव्हते. हल्लेखोरांनी दोनच गोष्टी बदलल्या. नोंदणी सर्वांना खुली केली आणि नव्या सदस्याला मिळणारे पद 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करून टाकले. मग साधा नोंदणी फॉर्म भरून स्वतःचे खाते उघडले. अनेक ठिकाणी तर खाते उघडल्यावर दोन्ही सेटिंग पुन्हा पूर्वीसारख्या करून ठेवल्या, म्हणजे मालकाला संशय येऊ नये आणि दुसऱ्या चोरालाही आत शिरता येऊ नये. १.४.२ पर्यंतच्या आवृत्त्यांतला हा दोष १.४.३ मध्ये दुरुस्त झाला.

वेबसाइट बनवण्याची आणि चालवण्याची वर्डप्रेस ही प्रणाली २००३ मध्ये आली आणि आज जगातल्या चाळीस टक्क्यांहून अधिक वेबसाइट त्यावर चालतात. तिचा कारभार मराठीतूनही करता येतो. दुकानाची ऑर्डर घेणे, शाळेचा प्रवेश अर्ज भरून घेणे, फोटोंची मांडणी करणे अशा प्रत्येक कामासाठी तयार प्लगिन मिळते. त्यामुळेच संगणकाचे शिक्षण न घेतलेली माणसेही वेबसाइट चालवू शकतात. मात्र एकदा बसवलेले प्लगिन वेबसाइटच्या डेटाबेसपर्यंत पोहोचते. त्यामुळे एका छोट्या प्लगिनमधली चूक सगळ्या वेबसाइटला भोवते.

अधिकार न तपासण्याच्या या चुकीला 'मिसिंग ऑथरायझेशन' म्हणतात. ती समजण्यासाठी दोन प्रश्न वेगळे करावे लागतात. समोरचा माणूस कोण आहे, हा पहिला. त्याला हे काम करण्याची मुभा आहे का, हा दुसरा. बँकेत खातेदार म्हणून ओळख पटली तरी तिजोरीच्या खोलीची किल्ली कोणी हातात देत नाही. वर्डप्रेसमध्येही पाच मुख्य पदे आहेत. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर सर्वात वर आणि सबस्क्रायबर सर्वात खाली. नोंदणी खुली असलेल्या वेबसाइटवर कोणीही मिनिटभरात सबस्क्रायबर होऊ शकतो. प्लगिनने फक्त 'लॉगिन झाले आहे ना?' एवढेच विचारले, तर त्याच्या लेखी सबस्क्रायबर आणि मालक सारखेच.

कसलेल्या प्रोग्रॅमरचीही इथे फसगत होते, कारण वर्डप्रेसमधल्या काही नावांवरून भलताच अर्थ निघतो. 'इज अ‍ॅडमिन' हे फंक्शन वाचून वाटते की समोरचा अ‍ॅडमिन आहे का, हे ते सांगत असावे. प्रत्यक्षात मागणी वेबसाइटच्या व्यवस्थापन विभागासाठी आली आहे का, एवढेच ते सांगते. 'अ‍ॅडमिन इनिट' या टप्प्याचेही तेच. त्याला जोडलेला कोड फक्त अ‍ॅडमिनसाठी चालेल असे गृहीत धरले जाते, पण एका विशिष्ट पत्त्यावर मागणी पाठवली की लॉगिन न केलेल्या माणसासाठीही तो चालतो.

फेब्रुवारी २०२० मध्ये या गैरसमजाची किंमत दिसली. 'थीमग्रिल डेमो इम्पोर्टर' हे प्लगिन सुमारे दोन लाख वेबसाइटवर होते. नमुना मजकूर भरण्यापूर्वी वेबसाइट कोरी करण्याची सोय त्यात होती आणि ती याच टप्प्याला जोडलेली होती. अधिकाराची तपासणी नव्हती. परिणामी, ते बनवणाऱ्या थीमग्रिल कंपनीची थीम, म्हणजे रूप ठरवणारा साचा, चालू असलेल्या वेबसाइटचा सगळा डेटाबेस कोणीही बाहेरून पुसू शकत होते. त्यातून 'अ‍ॅडमिन' नावाचे खाते असेल, तर पुसणारा आपोआप त्याच खात्यात लॉगिन होत होता. १.६.२ आवृत्तीत हे दार बंद झाले.

दुसरा गैरसमज बटणाचा. साध्या सदस्याला बटण दिसत नाही म्हणजे त्याला ते काम करता येणार नाही, अशी समजूत असते. पण बटण दाबल्यावर सर्व्हरकडे जी मागणी जाते, ती बटणाशिवायही हाताने लिहून पाठवता येते. वर्डप्रेसमध्ये 'नॉन्स' नावाची एक खूणही असते. ही मागणी याच वापरकर्त्याने जाणूनबुजून केली आहे का, हे पडताळायला ती उपयोगी पडते. पण ती अधिकारपत्र नव्हे, आणि वर्डप्रेसची स्वतःची कागदपत्रेही तिच्यावर अधिकारासाठी विसंबू नका असेच सांगतात.

हा रोग वर्डप्रेसपुरता नाही. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या 'ओवास्प' संस्थेच्या २०२१ च्या दहा मोठ्या धोक्यांच्या यादीत अधिकार तपासणीतल्या त्रुटींनी पाचव्या स्थानावरून थेट पहिले स्थान गाठले.

दुरुस्ती बहुधा एका ओळीची असते. 'करंट यूजर कॅन' हे फंक्शन या माणसाला हे विशिष्ट काम करता येते का, याचे उत्तर देते. माहिती बदलणाऱ्या, पुसणाऱ्या किंवा खासगी माहिती दाखवणाऱ्या प्रत्येक फंक्शनच्या सुरुवातीलाच ते हवे. बाहेरून मागणी स्वीकारणाऱ्या दुव्यांसाठी 'परमिशन कॉलबॅक', म्हणजे मुभा आहे की नाही हे सांगणारा कोड, लिहावा लागतो. तो विसरला, तर वर्डप्रेस ५.५ पासून प्रोग्रॅमरला इशारा मिळतो. मात्र घाईत तिथे 'सगळ्यांना हो' असे उत्तर लिहून टाकले, तर इशारा जातो आणि धोका तसाच राहतो. म्हणून प्लगिन प्रसिद्ध करण्यापूर्वी सबस्क्रायबरच्या खात्यातून आणि लॉगिन न करता, अशा दोन्ही प्रकारे प्रत्येक काम करून पाहिलेच पाहिजे.

वेबसाइटच्या मालकाला कोड वाचता येत नसला तरी त्याच्या हातात बरेच काही आहे. २०२३ च्या मार्चमध्ये 'वूकॉमर्स पेमेंट्स' या प्लगिनमधला गंभीर दोष दुरुस्त झाला. मागणीसोबत आलेल्या वापरकर्ता क्रमांकावर ते प्लगिन विश्वास ठेवत होते, त्यामुळे कोणालाही अ‍ॅडमिन म्हणून वावरता येत होते. जुलैमध्ये त्याच जुन्या दोषाचा फायदा घेत मोठा हल्ला झाला. १६ जुलैला तर एका दिवसात १ लाख ५७ हजार वेबसाइटवर १३ लाख हल्ले नोंदले गेले. अपडेट केलेल्या वेबसाइटना त्यांची झळ बसली नाही.

प्लगिन आपोआप अपडेट होण्याची सोय वर्डप्रेसच्या पॅनेलमध्येच आहे, ती चालू करावी. न लागणारे प्लगिन नुसते बंद न ठेवता काढून टाकावे. गरज नसेल तर सदस्य नोंदणी बंद ठेवावी, आणि खुली असेल तर नव्या सदस्याचे पद 'सबस्क्रायबर'च आहे ना, हे पाहावे. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची यादी अधूनमधून डोळ्यांखालून घालावी. बॅकअप वेगळ्या ठिकाणी ठेवावा, कारण डेटाबेस पुसला गेला तर तोच कामी येतो.

अनोळखी अ‍ॅडमिन सापडलाच, तर नुसते खाते काढून भागत नाही. प्लगिन अपडेट करणे, सगळे पासवर्ड बदलणे आणि कॉन्फिग फाइलमधल्या गुप्त किल्ल्या बदलून सर्वांचे लॉगिन एकदम रद्द करणे, हे लगेच करावे लागते. त्यानंतर हल्लेखोराने मागे ठेवलेल्या फाइल शोधाव्या लागतात. भारतातल्या कंपन्या आणि सरकारी संस्थांवर आणखी एक जबाबदारी आहे. वेबसाइटमध्ये अशी घुसखोरी झाल्याचे लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत 'सर्ट-इन' या केंद्रीय यंत्रणेला कळवणे २०२२ च्या निर्देशांनुसार बंधनकारक आहे.