डोकं झाकलं की पाय उघडे

वाण्याने साखरेची पिशवी काट्यावर ठेवली की आकडे आधी पळतात आणि मग एका जागी थांबतात. तेवढ्या वेळात परातीखालचा धातूचा ठोकळा, म्हणजे लोड सेल, केसभर वाकलेला असतो आणि त्याच्या तारांतून चिमूटभर व्होल्टेज बाहेर पडलेलं असतं. त्याला ५ व्होल्ट पुरवले तर अगदी पूर्ण वजनाला मिळतात साधारण १० मिलिव्होल्ट. पाव किलो साखरेच्या वाट्याला काय येत असेल ते बघा. एवढ्याशा व्होल्टेजचा आकडा करायचा तर आधी ते मोठं करावं लागतं. म्हणून अशा काट्यांसाठीच बनवलेल्या एचएक्स ७११ या चिपमध्ये अॅनालॉग-टू-डिजिटल कन्व्हर्टरच्या, म्हणजे एडीसीच्या, दारातच एक अॅम्प्लिफायर बसवलेला आहे. तो सिग्नल १२८ पट करतो. मागचा एडीसी सावकाश चालवला तर सेकंदाला १० आकडे काढतो आणि नवं वजन पुरतं बसायला ४०० मिलिसेकंद घेतो. (हा उशीर डिजिटल गाळणीचा. विजेच्या तारांची ५० हर्ट्झची गुणगुण तीच अडवते.) साखरेला घाई नसते, म्हणून तिथे हे चालून जातं.

सिग्नललाच घाई असेल तर मात्र दारातला अॅम्प्लिफायर किती चपळ आहे हे बघावं लागतं. ही चपळाई म्हणजे त्याची बँडविड्थ. तिचा हिशेब तोकड्या पांघरुणासारखा आहे: डोक्यावर ओढलं की पाय उघडे पडतात. अॅम्प्लिफायर स्वतःच शिट्टी मारत सुटू नये म्हणून त्याच्या पोटात एक कपॅसिटर ठेवलेला असतो. त्यामुळे वारंवारता दहापट झाली की त्याची मूळ ताकद दहाव्या हिश्शावर येते. आपण जितकी जास्त पट मागू, तितकी ही ताकद लवकर अपुरी पडते.

ईसीजी यंत्रांसाठीच्या एडीएस १२९८ या चिपच्या डेटाशीटमधला तक्ता मला या बाबतीत फार आवडतो. ४ पटीला बँडविड्थ ९६ किलोहर्ट्झ, ६ पटीला ६४, ८ पटीला ४८, १२ पटीला ३२. गुणाकार करून बघा, चारही वेळा ३८४. याहून कमी पटींत हिशेब इतका काटेकोर राहत नाही, पण कल इकडचाच.

बँडविड्थ या आकड्यातही एक खोच आहे. त्या वारंवारतेला सिग्नल ७०.७ टक्क्यांवर आलेला असतो. साध्या अॅम्प्लिफायरमध्ये तिच्या दहाव्या हिश्शालाही अर्धा टक्का कमीच भरतो, आणि हजारात एकाहून जास्त चूक नको असेल तर बाविसाव्या हिश्शाच्या आत राहावं लागतं. खोक्यावर २४ बिट छापलेले असले तरी यात फरक पडत नाही.

विद्यार्थी फसतात ते दुसऱ्याच ठिकाणी. अर्डुइनो मेगा बोर्डावरच्या एटीमेगा २५६० मध्ये एडीसीला १० आणि २०० पटीचा अॅम्प्लिफायर जोडता येतो. एडीसी सेकंदाला १२ हजार नमुने घेतोय, म्हणजे ६ किलोहर्ट्झपर्यंत निर्धास्त, असं गणित कुणीही मांडेल. पण अॅम्प्लिफायरची बँडविड्थ कुठल्याही पटीला ४ किलोहर्ट्झच आहे. त्याच्या वरचा सिग्नल नुसता बारीक होत नाही, वाकडातिकडाही होऊ शकतो, आणि हा वाकडेपणा पुढे कितीही हुशार सॉफ्टवेअर लावलं तरी सरळ होत नाही. डेटाशीटमध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे, वर बाहेरून गाळणी लावा असा सल्लाही आहे. पण तो परिच्छेद वाचतो कोण? सगळ्यांची नजर नमुन्यांच्या आकड्यावर.

आता परत ईसीजीकडे. निदानासाठी १५० हर्ट्झपर्यंतचा सिग्नल पुरतो; मग १२ पटीलाही उरणारे ३२ किलोहर्ट्झ कशाला? पेसमेकर बसवलेल्या रुग्णामुळे हा प्रश्न सुटतो. पेसमेकरचा ठोका कधीकधी मिलिसेकंदाचा दहावा भागच टिकतो. सेकंदाला ५०० नमुने घेणाऱ्या एडीसीचे दोन नमुने २ मिलिसेकंदांच्या अंतराने येतात, आणि त्याची गाळणी असा ठोका विरघळवून टाकते. डॉक्टरांना तर तो दिसायलाच हवा. ठोका पेसमेकरचा की हृदयाचा स्वतःचा, हे त्यावरूनच ठरतं. यावर एक उपाय म्हणजे एडीसी सेकंदाला ३२ हजार नमुन्यांपर्यंत पळवणं. दुसरा मला जास्त चतुर वाटतो: अॅम्प्लिफायरमधून निघालेला सिग्नल एडीसीत जाण्याआधीच चिपच्या वेगळ्या पायांवर बाहेर काढलेला आहे. ३२ किलोहर्ट्झचा अॅम्प्लिफायर अकरा-बारा मायक्रोसेकंदांत मान वर करतो, त्यामुळे शंभर मायक्रोसेकंदांचा ठोका त्याच्या हातून निसटत नाही. बाहेरचं छोटं सर्किट तो तिथेच पकडतं. मागचा एडीसी आपल्या सवडीने हृदयाचा आलेख काढत राहतो.