बंद म्हणजे नेमकं काय बंद?

कोयनेचं धरण १९५६ ते १९६४ या काळात बांधलं गेलं. त्यानंतर सातारा-सांगलीत काँक्रीटचं काम कधी थांबलंच नाही. टेंभू, ताकारी, म्हैसाळच्या उपसा योजना झाल्या, पुणे-बंगळूर महामार्ग चौपदरी झाला, आता शेंद्रे ते कागल सहापदरीकरण निघालं. घमेल्यांची रांग जाऊन बॅचिंग प्लांट आले. माल बटणावर कालवला जाऊ लागला. मिक्सर खरवडायला मात्र अजून माणूसच आत उतरतो.

शेवटची गाडी भरून गेली की पाणी मारायचं. त्यानं जे सुटत नाही त्याचा सकाळपर्यंत दगड होतो. मग छन्नी-हातोडा घेऊन पात्यांच्या मधे बसायचं. केबिनमधल्या ऑपरेटरला आतलं दिसत नाही. पाळी बदलते, नवा येतो, सफाई उरकली असेल म्हणून बटण दाबतो. काँक्रीट प्लांटवरच्या सर्वांत भीषण अपघाताची गोष्ट जगभर एवढीच आहे. ‘मिक्सर बंद होता हो,’ असं मागाहून सगळेच सांगतात आणि ते खोटंही नसतं. बटण बंद होतं, वीज चालू होती. हवेवर चालणाऱ्या गेटला तर मुख्य स्विच पाडूनही भागत नाही. टाकीत उरलेली हवा गेट ओढते आणि हात अडकतो. पावसाळ्यात ओली वाळू पट्ट्याच्या पुलीला चिकटते. ती चालत्या पट्ट्यावरच फावड्यानं काढायची सवय त्यात भर घालते.

यावरचा इलाज जुना आणि स्वस्त आहे. मुख्य स्विचला कुलूप लावायचं, साठलेली हवा सोडून द्यायची आणि किल्ली आत उतरणाऱ्याच्याच खिशात ठेवायची. मुकादमाच्या नव्हे. माझ्या मते सारी मेख इथेच आहे, कारण किल्ली सोडली की घाईवरचा ताबाही सोडावा लागतो.

१९४८ च्या कारखाने कायद्यानं चालत्या यंत्राजवळच्या कामाला कलम २२ मध्ये बंधनं घातली. बाई आणि अल्पवयीन कामगाराला तर चालू यंत्राची इजा होण्यासारखी सफाई करायला थेट मनाई केली. मृत्यू झाला तर कळवावंच लागतं. इजेच्या बाबतीत मात्र कामगार ४८ तास कामावर येऊ शकला नाही, तरच अपघात कळवायचा. बोटाला पट्टी बांधून दुसऱ्या दिवशी हजेरी लागली, तर तो कागदावर येतच नाही.

आला, तर भरपाईच्या कायद्यातला तक्ता उघडतो. तर्जनी मुळापासून गेली असेल, तर कमाईची ताकद १४ टक्क्यांनी घटली असं धरतात.