महागडं पेट्रोल आणि टर्बोचं ॲव्हरेज

पंपावर 'चढ्या ऑक्टेनचं टाकू का साहेब, ॲव्हरेज वाढतं' असं सांगितलं की टर्बोवाल्याचा हात खिशाकडे जातो. पण ऑक्टेन म्हणजे इंधनातली ताकद नव्हे. दाब आणि उष्णता वाढली तरी ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधी आपणहून न पेटण्याचा तो गुण आहे.

टर्बो इंजिनात हवा आधीच दाबून भरलेली असते, म्हणून तिथे हा गुण कामाचा. भर उन्हाळ्यात, चार माणसं आणि एसी घेऊन खंबाटकी घाट चढताना पेट्रोल वेळेआधी पेटू पाहतं. इंजिनावरचा नॉक सेन्सर ती थरथर टिपतो आणि संगणक ठिणगी किंचित उशिरा पाडतो. इंजिन वाचतं, पण उष्णता सायलेन्सरवाटे वाया जाते. चढ्या ऑक्टेनचं पेट्रोल वाचवतं ते एवढंच. शहरात हलक्या पायाने चालवलेल्या गाडीत टर्बो फारसा जोर लावतच नाही; तिथे फरक जवळपास शून्य.

इथेनॉलचंच बघा. २० टक्के मिश्रणाने आपल्या साध्या पेट्रोलचं ऑक्टेन ९१ वरून ९५ च्या घरात गेलं. पण लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी. म्हणून ऑक्टेन वाढूनही ॲव्हरेज थोडं घसरतंच!

हिशेब सरळ आहे: लिटरला ७ टक्के जादा मोजलेत, तर ॲव्हरेजही ७ टक्के वाढलं तरच बरोबरी. रोजच्या वापरात ते होत नाही. तेव्हा टाकीच्या झाकणामागचा ऑक्टेनचा आकडा वाचा आणि तेवढंच भरा.