गवयाचा कारभार

विष्णु दिगंबर पलुसकर यांचे नाव निघाले, की त्यांचा बुलंद आवाज, त्यांची रामभक्ती आणि त्यांनी लोकांच्या मुखी रूढ केलेली रामधून यांचेच स्मरण होते. परंतु ज्या माणसाने संगीतशिक्षण हा स्वतंत्र व्यवसाय होऊ शकतो हे हिंदुस्थानात प्रथम सिद्ध करून दाखविले, त्याच्या गाण्याइतकाच त्याचा कारभारही अभ्यासण्यासारखा आहे, आणि माझ्या मते त्याचा खरा मोठेपणा त्या कारभारातच, त्यातील चुकांसकट, शोधावा लागतो.

18 ऑगस्ट 1872 रोजी कुरुंदवाड संस्थानात एका कीर्तनकाराच्या घरी त्यांचा जन्म झाला. नरसोबाच्या वाडीस दत्तजयंतीच्या उत्सवात दारूकामाचा स्फोट तोंडाजवळ होऊन लहानग्या विष्णूची दृष्टी अधू झाली, शालेय विद्येचा मार्ग बंद झाला, आणि ज्याला वाचता येणे कठीण त्याला निदान गाता यावे, या व्यवहारी विचाराने त्याला मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या स्वाधीन करण्यात आले. बुवांची विद्या वासुदेवबुवा जोशांकडून, म्हणजे पर्यायाने हद्दू-हस्सू खाँच्या ग्वाल्हेरीतून आलेली. हे मुद्दाम नमूद करण्याचे कारण असे, की पुढे पलुसकरांच्या ज्या विद्यालयांत दिवसाचा आरंभ प्रार्थनेने होत असे आणि शृंगारिक चिजांचे शब्द बदलून तेथे भक्तिपर पदे घातली जात, त्या विद्यालयांतील ख्यालाचे मूळ या खाँसाहेबांच्या घरी होते. शब्दांची ही सोवळी दुरुस्ती मला पटलेली नाही. मात्र तिच्यावाचून त्या काळच्या प्रतिष्ठित गृहस्थाने आपली मुलगी गायनाच्या वर्गात धाडली असती, असेही मला वाटत नाही.

मिरजेत संस्थानिकांची मर्जी असूनही 1896 च्या सुमारास त्यांनी ते गाव सोडले. शिष्यांच्या सांगण्याप्रमाणे त्याचे निमित्त असे, की एका समारंभाचे आमंत्रण त्यांना आले, परंतु प्रत्यक्ष गुरूंना आले नाही, कारण बुवा पडले गवई! ही हकीकत अक्षरशः खरी असो वा नसो, पुढील पस्तीस वर्षांच्या वर्तनाचा उलगडा तिने होतो. दरबारात गवयास बिदागी मिळे, हक्क मिळत नसे. मर्जी खप्पा झाली की तनखा बंद. तेव्हा सौराष्ट्राच्या दौऱ्यात त्यांनी तिकीट लावून जाहीर जलसा केला, तो केवळ चार पैसे गाठीस बांधण्यासाठी नव्हे; ऐकणाऱ्याने दाम मोजून यावे आणि गाणाऱ्याने कोणाचा आश्रित न होता गावे, हा नवा करार त्यात होता.

5 मे 1901 रोजी, आप्त नाही, भाषा आपली नाही अशा लाहोर शहरी त्यांनी गांधर्व महाविद्यालय उघडले. आरंभीचे काही दिवस एकही विद्यार्थी फिरकला नाही; तथापि ठरल्या वेळी दार उघडावयाचे, तंबोरा जुळवावयाचा आणि रिकाम्या वर्गात आपलीच मेहनत करीत बसावयाचे, हा क्रम त्यांनी मोडला नाही, असे शिष्यपरंपरेत सांगतात. नियमितपणा हा गवयांच्या जातीला त्या काळी अपरिचित असलेला गुण होता, आणि हजेरी, इयत्ता, क्रमिक पुस्तके, परीक्षा व प्रमाणपत्रे ही सारी शाळाखात्याची सामग्री त्याच गुणाच्या आधारावर त्यांनी संगीतात आणली. स्वरलेखनाची स्वतःची पद्धती बसविली, नियतकालिक चालविले, आणि 1908 मध्ये मुंबईस विद्यालय काढल्यावर छापखाना व वाद्यांचा कारखानाही संस्थेच्या आवारात उभा केला. त्यांचे समकालीन भातखंडे ग्रंथ, लक्षणे आणि मतांची रुजवात यांत गढले होते; पलुसकरांनी प्रथम माणसे हाती घेतली.

ही माणसे घडविण्याचे साधन म्हणजे उपदेशक वर्ग. दीर्घ मुदतीचा करार करून मुलगा विद्यालयात राहावयाचा. अन्नवस्त्र व विद्या संस्थेची, आणि त्याचे श्रम व पुढील सेवाही संस्थेची. शिस्त कडक, प्रसंगी जाचक होती. परंतु ओंकारनाथ ठाकूर ऐन तारुण्यात, 1916 मध्ये, लाहोरच्या विद्यालयाचे प्राचार्य झाले ते याच गुरूच्या हुकुमाने. आणि गांधीजींनी आश्रमासाठी गायक मागितला तेव्हा त्यांनी नारायण मोरेश्वर खरे हा आपला उत्तम शिष्य साबरमतीस देऊन टाकला. उत्तम शिष्य जवळ ठेवण्याचा मोह भल्याभल्या गुरूंना आवरत नाही.

मोह त्यांना झाला तो इमारतीचा. मुंबईत सँडहर्स्ट रोडला विद्यालयाची स्वतःची वास्तू त्यांनी कर्ज काढून बांधली. जलशांच्या उत्पन्नातून ते फिटेल असा अदमास होता. पण दौऱ्याने घसा शिणतो, व्याज शिणत नाही. शिवाय याच सुमारास त्यांचे चित्त रामनामाकडे अधिकाधिक वळत गेले, आणि हिशेबाच्या वह्यांवर ज्याची करडी नजर हवी तोच विरक्त झाला. सावकारांनी तगादा लावला आणि अखेर वास्तूचा लिलाव झाला. मुंबईसारख्या धनाढ्य नगरीत एवढी रक्कम उभी राहू नये याचा विषाद वाटतो. तरी दोष सर्वस्वी नगरीच्या माथी मारता येत नाही, कारण देणगीदारांचे मंडळ नेमून कर्जाची जबाबदारी वाटून घेण्याची तजवीज त्यांनी वेळीच केलेली दिसत नाही. ज्याने मर्जी नको म्हणून मिरज सोडली, त्याला याचनेचे वावडे असणे स्वाभाविकच होते. 1923 च्या काकीनाडा काँग्रेसमध्ये खुद्द अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी हरकत घेतली असता ‘वंदे मातरम्’ पुरे गाऊनच थांबणारा हा मनुष्य सावकारापुढे हात जोडून मुदतवाढ मागताना माझ्या तरी डोळ्यांपुढे येत नाही.

नाशिकच्या आश्रमात अखेरची वर्षे गेली आणि 21 ऑगस्ट 1931 रोजी, ज्या मिरजेत अधू दृष्टीचा मुलगा म्हणून ते आले होते, तेथेच त्यांनी देह ठेवला. पुत्र दत्तात्रेय तेव्हा अवघा दहा वर्षांचा होता. गुरूची वास्तू परक्याच्या ताब्यात गेलेली. शिष्य मात्र गावोगाव विद्यालये चालवीत होते, देवधरांचे मुंबईत, आणि पुढच्याच वर्षी पुण्यात विनायकराव पटवर्धनांचे. त्याच 1931 साली ते अहमदाबादेस जमले, गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले, आणि पहिला प्रश्न घेतला तो सर्व विद्यालयांचा अभ्यासक्रम व परीक्षा एक करण्याचा.