भूत कुठं राहतं?

मंडळी, एखाद्या पोराला विचारा, "काय रे, भूत कुठं राहतं?" तो सांगेल, वडावर, नाहीतर पडक्या वाड्यात. २०१७ साली पडद्यावर आलेला 'लपाछपी' हा मराठी चित्रपट मात्र निराळं उत्तर देतो. भूत घराच्या रीतीत राहतं, असं तो म्हणतो.

विशाल फुरिया यांनी हा चित्रपट दिग्दर्शित केला. त्यातली नेहा आठ महिन्यांची गरोदर. नवरा पैशाच्या अडचणीत सापडतो आणि ही दोघं आपल्या ड्रायव्हरच्या गावी आसऱ्याला येतात. घराभोवती उंच ऊस. आत शिरलं की वाट सापडत नाही. घरात तुळसाबाई. ती नेहाला मायेनं जेवू घालते, जपते. पण नेहाला उसात लपाछपी खेळणारी मुलं दिसू लागतात, आणि या घरात पूर्वी काय घडलं ते हळूहळू उघड होतं. इथं जन्मलेल्या मुलींना जगू दिलेलं नाही. शेवट मी सांगत नाही.

उषा नाईक यांची तुळसाबाई पाहताना एक कोडं पडतं. जेवू घालणारा हात इतका क्रूर कसा होतो? विचार केला तर उलगडतं. जी सून म्हणून पोळली, जिचं रडणं कुणी ऐकलं नाही, तिच्यापुढं दोन वाटा असतात: ही रीत मोडायची, किंवा तीच योग्य मानून पुढच्या सुनेवर लादायची. दुसरी वाट सोपी. दुःखाचा वारसा असा चालतो. म्हणून गुन्हा माफ होत नाही, बरं का! पण तो थांबवायचा तर त्याचं मूळ कळायला हवं.

हे खेड्यातलंच, असंही समजू नका. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात ८९४ मुली होत्या. गिरगाव, परळ, लालबाग, दादर ज्यात येतात त्या मुंबई शहर जिल्ह्यातही ९१४ च. तिथं ऊस नाही, पण रीत आहे. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा देशात प्रथम महाराष्ट्रानं १९८८ साली केला. १९९४ साली तो देशासाठी झाला. पण कायदा दवाखान्याच्या दारात उभा राहतो, माजघरात शिरत नाही.

तिथं आपणच शिरायचं. गुरुजींनो, हा चित्रपट लहान मुलांना दाखवू नका. मोठ्यांच्या बैठकीत मात्र त्याची गोष्ट काढा. आणि आज घरी गेल्यावर आजीला विचारा, "तुला पहिली मुलगी झाली, तेव्हा लोक काय म्हणाले?" ती बोलू लागली की मध्ये बोलू नका. नुसतं ऐका.