तहकूब सभेचे सभासद

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत आमच्या संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा झाली. संस्था ऊसतोड मजुरांच्या हक्कांसाठी काम करणारी. सभा एका महाविद्यालयाच्या वर्गात, सकाळी अकराला. नोंदवहीत सभासद २१४, घटनेप्रमाणे गणसंख्या एक-तृतीयांश, हजर १७. अध्यक्षांनी गणसंख्येअभावी सभा तहकूब केली. आम्ही चहा घेतला. साडेअकराला त्याच १७ जणांची सभा त्याच बाकांवर पुन्हा भरली आणि कायदेशीर झाली. कारण घटनेतच लिहिले होते की, तहकूब झालेली सभा त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने घेण्यात येईल व तिला गणसंख्येचे बंधन राहणार नाही. आम्ही हिशेब मंजूर केले, अंदाजपत्रक मंजूर केले, कार्यकारिणी बिनविरोध निवडली. १७ जणांत प्राध्यापक सहा, शाळामास्तर पाच, वकील दोन, बँकेतला एक, विद्यार्थी तीन. कोयता एकही नव्हता.

नातवाच्या वसतिगृहाचा अर्ज घेऊन आलेली एक म्हातारी दाराशी बसून हे सारे पाहत होती. तिची दोन्ही मुले, सुना कारखान्यावर गेलेली. उठताना ती म्हणाली, "मास्तर, ज्यांच्यासाठी ही मीटिंग हाय ते तर समदे तिकडं पाचटात हायेत. मग हात वर कुणी केलं?"

मी त्या संस्थेचा चिटणीस. माझ्या घरात माझ्याआधी कुणी पदवी घेतलेली नाही. माझे आईवडील बावीस हंगाम ऊस तोडीत होते. कारखान्याच्या तळावरच्या कोपीत माझ्या दोन बहिणींचे बालपण गेले, आणि मी आजीपाशी गावी राहिलो म्हणून शिकलो. असा मी, ज्याला हा प्रश्न आधी पडायला हवा होता, त्याला तो एका म्हातारीने विचारावा लागला. संस्था म्हणजे काय, ती कुणाच्या हुकमाने चालते, याविषयी आपल्या चळवळीत फार कमी लिहिले जाते. शोषणाबद्दल आपण लिहितो, शोषितांसाठी काढलेल्या संस्थेच्या घटनेबद्दल लिहीत नाही. ते वकिलाचे काम म्हणून सोडून देतो. म्हणून हे टिपण.

प्रथम कायदा पाहू. संस्था नोंदवायची तर १८६० चा संस्था नोंदणी कायदा. निदान सात माणसे, एक ज्ञापनपत्र, एक नियमावली. महाराष्ट्रात अशी धर्मादाय स्वरूपाची संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही येते. म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे नोंद करावी लागते आणि पदाधिकारी बदलले की ९० दिवसांच्या आत बदल अर्ज द्यावा लागतो. कार्यकर्ते याला 'चेंज रिपोर्ट' म्हणतात व बहुधा विसरतात. मग वर्षानुवर्षे कागदावर मेलेली माणसे विश्वस्त राहतात आणि भांडण झाले की तीच उपयोगी पडतात.

पण या कायद्यात एक गोष्ट नाही. ज्यांच्यासाठी संस्था आहे, त्यांतले कुणी तिच्या कारभारात असलेच पाहिजे असे तो कुठेही म्हणत नाही. १९२६ च्या कामगार संघटना कायद्यात निदान अशी अट होती की, असंघटित क्षेत्रातल्या संघटनेचे निम्मे पदाधिकारी तरी प्रत्यक्ष त्या धंद्यात राबणारे असावेत. सेवाभावी संस्थेला ती अट नाही. तेथे सेवा करणाराच मालक होऊ शकतो, आणि कायदा त्याला हरकत घेत नाही.

उलट कायद्याचे एक कलम आमच्या मजुरावरच उलटते. १८६० च्या कायद्याच्या १५ व्या कलमाप्रमाणे ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकली, त्याला मत नाही आणि सभासद म्हणून त्याची गणनाही नाही. आता ऊसतोडीचे वर्ष बघा. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये गाळप संपल्यावर परततात. आमचे वर्गणीचे वर्ष सप्टेंबरअखेर संपे. त्या वेळी घरोघरी जायची बांधाबांध चाललेली, उचल खर्चून झालेली, वर्गणी कोण देणार? जानेवारी उजाडेपर्यंत तीन महिने उलटलेले. म्हणजे आमच्या सभेच्या दिवशी तोडणीवर गेलेला माणूस नुसता गैरहजर नव्हता, कायद्याच्या लेखी तो सभासदच नव्हता. २१४ हा आकडाही फसवाच.

हे कुणी कट करून केले नव्हते. घटना कचेरीबाहेरच्या टंकलेखकाकडून, एका शिक्षणसंस्थेच्या जुन्या घटनेवरून, नावे बदलून उतरवून घेतली होती. शिक्षणसंस्थेला सोयीचे महिने आमच्या घटनेत आले, तिची गणसंख्या आली, तिचे 'आजीव सभासद' आले. सुट्टी कुणाला कधी असते, यावर सभेचा महिना ठरला. सुट्टी पगारदारालाच असते. मजुराने एक दिवस काम चुकवले तर तो खाडा, आणि खाड्याचे पैसे मुकादम कापतो. सभेला यायचे तर त्याला खाडा पडणार!

याचा परिणाम काय होतो, हे मी माझ्याच हातून झालेल्या चुकीवरून सांगतो. एका हंगामाअखेर एका टोळीला मुकादमाने अडवले. उचल फिटली नाही म्हणून तीन जोडप्यांना गावी येऊ देईना. त्यातली एक बाई गरोदर. आम्ही वकिलांसह गेलो, बोलणी केली, जोडपी सुटली. सुटकेच्या कागदावर लिहिले होते की, उरलेली उचल पुढल्या हंगामात याच मुकादमाकडे काम करून फेडण्यात येईल. खाली संस्थेच्या वतीने सही माझी. त्या तीन जोडप्यांना मी विचारले नव्हते. रात्र झाली होती, गाडी उभी होती, माणसे बाहेर काढण्याची घाई होती, ही सारी कारणे खरी आहेत. पण १९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्याप्रमाणे वेठीचे कर्ज फेडण्याची जबाबदारीच उरत नाही, तसा करार निरर्थक ठरतो आणि जिल्हाधिकाऱ्याकडे दाद मागता येते. मी तो कायदा वर्गात शिकवतो. तरीही त्या रात्री मी त्यांना सोडवले आणि पुढल्या वर्षासाठी पुन्हा बांधून दिले. कार्यकारिणीने त्याबद्दल माझ्या अभिनंदनाचा ठराव केला. त्या ठरावाला विरोध करू शकले असते, असे कुणीही त्या खोलीत नव्हते.

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. पुणे करारानंतर, १९३२ च्या सप्टेंबरअखेर अस्पृश्यता निवारणासाठी जी संस्था निघाली, ती पुढे हरिजन सेवक संघ म्हणून ओळखली गेली. घनश्यामदास बिर्ला अध्यक्ष, ठक्कर चिटणीस. सुरुवातीला बाबासाहेबही तिच्या मध्यवर्ती मंडळावर होते, पण ते टिकले नाहीत. कारभारात अस्पृश्यांना जागा हवी, ही मागणी गांधीजींनी मान्य केली नाही. त्यांचे म्हणणे असे की, हे सवर्णांचे प्रायश्चित्त आहे, पैसा सवर्णांचा आहे, तेव्हा संस्था त्यांनीच चालवावी. 'काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले' या १९४५ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी या युक्तिवादाचा समाचार घेतला आहे. मी तो ग्रंथ विद्यार्थीदशेत वाचला तेव्हा संताप आला होता. आमच्या जानेवारीच्या सभेनंतर तो पुन्हा वाचला, आणि प्रायश्चित्ताच्या जागी 'बांधिलकी' हा शब्द घालून पाहिला. युक्तिवाद जसाच्या तसा बसला. आम्ही वर्गणी देतो, आम्ही वेळ देतो, तेव्हा आम्ही चालवणार. फरक एवढाच की आम्ही त्यांच्याच जातीत, त्यांच्याच घरात जन्मलो.

त्याच्या आधी आठ वर्षे, १९२४ च्या जुलैत, बहिष्कृत हितकारिणी सभा निघाली. तिचे अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड होते आणि व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष स्वतः बाबासाहेब. म्हणजे बाहेरच्या मोठ्या माणसाचे नाव नाकारले नाही, पण रोजचा कारभार, पैसा आणि निर्णय जेथे होतो ती जागा हातची सोडली नाही. संस्थेत सत्ता अध्यक्षाच्या खुर्चीत नसते, ती कार्यकारिणीच्या इतिवृत्तात आणि धनादेशावरच्या सह्यांत असते. आपले पुष्कळ कार्यकर्ते खुर्चीसाठी भांडतात आणि इतिवृत्त लिहायला कुणी तयार नसतो.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीपुढच्या भाषणात बाबासाहेबांनी भिक्षुसंघाची आठवण दिली होती. प्रस्ताव, गणसंख्या, मतमोजणी, गुप्त मतदान यांचे नियम संघाला ठाऊक होते आणि ते पाळले जात होते, असे त्यांनी सांगितले. विनयपिटकात हे तपशील आहेत. ठराव मांडायचा त्याला 'ञत्ति' म्हणत. महत्त्वाच्या कामात तो मांडून तीनदा घोषित करीत, विरोध असेल त्याने बोलावे, म्हणून. मतभेद झाला तर शलाका वाटीत, आणि शलाका गोळा करणारा भिक्षू छंद, द्वेष, मोह व भय यांपासून मुक्त असावा, अशी अट होती. त्याहूनही मला महत्त्वाचे वाटते ते हे की, गण अपुरा असता केलेले कर्म संघ वैध मानीत नसे. अर्ध्या तासाने तेच कर्म त्याच अपुऱ्या गणाने वैध करण्याची युक्ती तेथे नाही. ती आमच्या टंकलेखकाकडे होती.

मग आम्ही घटना बदलायला घेतली. कायद्यात उद्देश बदलण्यासाठी दोन विशेष सभा, मध्ये एक महिन्याचे अंतर आणि दोन्हींत तीन-पंचमांश मते लागतात. आमच्या टंकलेखकाने नियमदुरुस्तीलाही तीच अट घातली होती. बरे झाले. अक्षय्य तृतीयेनंतर एक आणि मृगाच्या तोंडावर दुसरी अशा दोन सभा घेतल्या. माणसे गावी, पेरणी अजून लांब, पुढल्या हंगामाची उचल अजून वाटली गेलेली नाही. उचल घेतल्यावर माणूस मोकळे बोलत नाही.

जागेवरून वाद झाला. समाजमंदिरात घेतली तर वंजारी, मराठा मजूर येईनात, मारुतीच्या पारावर घेतली तर आमची माणसे कडेला उभी राहणार. ऊस तोडताना एका फडात राबणारी माणसे गावात आली की पुन्हा आपापल्या आळीत जातात. शेवटी जिल्हा परिषदेच्या शाळेच्या पटांगणात, रात्री आठला, सभा झाली. फार आदर्श जागा नव्हे, पण तेथे कुणाचा देव नव्हता.

सर्वांत कडाक्याची चर्चा सभासद कोणाला म्हणायचे यावर झाली. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता. उचल कोयत्यावर, हिशेब कोयत्यावर, आणि सही किंवा अंगठा नवऱ्याचा. आमच्या नोंदवहीतही तसेच, 'एक कोयता, एक सभासद'. म्हणजे बाई ऊस सोलते, मोळी बांधते, डोक्यावरून गाडीत टाकते, कोपीत भाकरी थापते, आणि संस्थेत ती नाहीच. कारखान्याचा हिशेब आम्ही मुकाट्याने आमची लोकशाही म्हणून उचलला होता. दर माणशी सभासदत्व आणि वर्षाला १२ रुपये वर्गणी, हा ठराव बायकांनी मंजूर करून घेतला. काही पुरुष म्हणाले, घरात दोन मते कशाला? एक बाई उठून म्हणाली, "मोळ्या दोघांच्या मोजता ना?" पुढे कुणी बोलले नाही.

मुकादमाचा प्रश्न मात्र सुटला नाही. मुकादमाला सभासद करू नये, असे माझे मत. पण निम्मे मुकादम कालचे तोडकरी, स्वतःही कारखान्याचे देणेकरी, आणि कार्यकारिणीतल्या एकाचा सख्खा भाऊ मुकादम. मत घेतले. सभासद होता येईल, पण मत नाही व पद नाही, हा मधला ठराव तीन-पंचमांशाला जेमतेम पोचला. मला तो पटलेला नाही. तो पाळतो आहे.

आता वर्गणीचे वर्ष मेअखेर संपते आणि वार्षिक सभा त्याच महिन्यात असते. तहकूब सभेचे कलम काढून टाकले, तहकूब सभा आठ दिवसांनी, पुन्हा दवंडी देऊन. मजुराच्या नावाने कुठल्याही कागदावर सही करण्यापूर्वी त्याची आणि त्याच्या बायकोची, दोघांची संमती इतिवृत्तात लिहावी लागते. हा नियम मी मांडला. मांडताना त्या तीन जोडप्यांचा कागद वाचून दाखवला. त्यांतले एक जोडपे समोर बसले होते. त्यांनी काहीच म्हटले नाही. पुढल्या हंगामाला ते कर्नाटकात गेले. राज्याबाहेर जाणाऱ्या मजुरांसाठी १९७९ चा वेगळा कायदा होता, आता तो २०२० च्या संहितेत विलीन झाला आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. बीडहून कोल्हापूरला जाणाऱ्याला मात्र १९७९ चा कायदा लागूच नव्हता, कारण त्याने राज्याची हद्द ओलांडली नव्हती. त्या जोडप्याचे खाते आम्ही नव्या वहीत उघडले आहे.

नव्या कार्यकारिणीत ११ जण. सहा तोडकरी, त्यांत तीन बायका. बदल अर्ज मुदतीत दिला. अडचण अशी की नोव्हेंबरात सहापैकी पाच जण निघून गेले आणि गणसंख्या सहाची. तेव्हा हंगामात बैठक त्यांच्याकडे न्यायची, असे ठरले. इतिवृत्ताची वही आणि नोटिसांची फाईल माझ्या पिशवीत असते. मागची बैठक तळावर, कोप्यांच्या मागे, रात्री साडेनऊला सुरू झाली. दोन सभासद गाडी रिकामी करून अकराला आले. तोवर आम्ही थांबलो.